सातवी पट्टी

आधी मोजेच निघायचे. ओले, पीळ पडलेले, मेल्या उंदरासारखे गारढोण. शाळा सुटली की हुंगी मावशीच्या लाँड्रीत यायची आणि क्रीडासंकुलातल्या चाळीस खेळाडूंच्या जाळीच्या पिशव्या तिची वाटच बघत असायच्या. त्या उघडून पांढरे कपडे एकीकडे, रंगीत दुसरीकडे करायचं काम तिचं. हुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण कुणाच्या डब्यात काय आहे ते झाकण न उघडता सांगणाऱ्या मुलीला वर्ग दुसरं काय म्हणणार?

असलं नाक देवाने दिलं, आणि बसवलं कुठे, तर घामाच्या ढिगाऱ्यासमोर! पोहणाऱ्यांचे टॉवेल कुबट, कुस्तीवाल्यांच्या बनियनी आंबूस, आणि गोलरक्षकाचे हातमोजे, ते तर विचारूच नका.

"शी! मावशी, हे माणसाचे पाय आहेत की गटार?"

"नाकाने कांदे सोलू नकोस. पांढरे इकडे टाक."

हुंगी निमूट टाकायची, कारण तिचं चित्त दुसरीकडेच होतं. गावाबाहेरच्या साबण कारखान्यात वास पारखायला शिकवण्यासाठी शाळेतल्या मुलांमधून एकालाच घेणार होते. परीक्षा साधी होती: कागदाच्या बारा पट्ट्या, बारा वास. ती जागा आपलीच, हे हुंगीने मनात कधीच ठरवून टाकलं होतं. देवाने नाक दिलंय, आता परीक्षा घेणारे कोण?

तिथल्या वास तपासणाऱ्या बाई लाँड्रीच्या जुन्या गिऱ्हाईक. एकदा कपडे न्यायला आल्या तेव्हा त्यांनी गंमत म्हणून पट्ट्या पुढे केल्या. पहिले सहा वास हुंगीने धडाधड ओळखले. सातव्या पट्टीला काही म्हणजे काहीच वास येईना. आठवीला ती ठसक्यात म्हणाली, "गुलाब!"

"निलगिरीचं तेल," बाई म्हणाल्या. "नाक छान आहे, पण लवकर दमतं. परीक्षेला अजून तीन आठवडे आहेत."

बाई गेल्यावर हुंगीचा पारा चढला. "दमतं म्हणे! जन्मजात नाक आहे माझं!"

"हो का?" मावशी इस्त्री फिरवत म्हणाली. "मग सातवी पट्टी काय शेजारणीच्या नाकाने हुंगलीस?"

गुरुवारी एकोणीस नंबरची पिशवी आली. ती हुंगीने दोन बोटांत धरून हात लांब केला. तेवढ्यात पिशवीची मालकीण स्वतःच हरवलेला मोजा शोधत दारात उभी राहिली. लांब पल्ल्याची धावपटू, देशात पहिली, पेपरात फोटो आलेली ताई! हुंगीच्या जिभेला हाड नव्हतंच.

"ताई, रागावू नका, पण अख्ख्या संकुलात सगळ्यात घाण वास तुमच्या कपड्यांना येतो."

मावशीने कपाळावर हात मारला.

"रोज?" ताईने विचारलं.

"नाही, गुरुवारी. इतर दिवशी नुसता घाम. गुरुवारी आंबट, ओकारी झाल्यासारखा."

"झाल्यासारखा काय, होतेच. गुरुवारी टेकडी असते. दहा वेळा वर, दहा वेळा खाली."

"पण तुम्हाला तर धावणं देवानेच दिलंय ना?"

"पाय दिले गं त्याने. टेकडीसुद्धा काय तोच चढणार? सपाटीवर मी पहिल्यापासून बरी. चढावर मात्र पाचव्या फेरीला माझी म्हैस होते. म्हणून आधी तासभर धावून पाय दमवते, आणि मग चढते."

"शी!"

"शीच. तुझं कुठे अडतं?"

"सहा वासांनंतर नाक मरतं," हुंगी पुटपुटली. हे तोंडाबाहेर काढताना तिला गोलरक्षकाच्या हातमोज्यांहून स्वतःचीच जास्त किळस आली.

"मग ताज्या नाकाने मिरवतेस कशाला? मेलेल्या नाकाने सुरू कर. आणि दोन चढांच्या मध्ये मी सावकाश चालत उतरते, श्वास जागेवर येईपर्यंत. तू काय करतेस?"

"काही नाही. एकामागून एक हाणते."

"मग मरेल नाही तर काय!" ताई मोजा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून हुंगीने चाळीसच्या चाळीस पिशव्या आधी उपसल्या आणि नाक पार बधिर झाल्यावर पट्ट्या मांडल्या. व्हिनेगर, रॉकेल, खळ, बूटपॉलिश, आणखी औषधाच्या दुकानातले नि स्वयंपाकघरातले मिळून बारा वास. मावशी त्या पिसायची. पहिल्या दिवशी दोन बरोबर. दोन! रॉकेलला ती लिंबू म्हणाली. आपण वासात ढ आहोत हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि ती पट्ट्या भिरकावून न्हाणीघरात जाऊन रडली.

मधल्या विश्रांतीला काय करावं तेही सापडेना. खिडकीशी गेली तर रस्त्यावरचा डांबराचा वास. पाणी प्यायली तर पेल्याला साबण. शेवटी वैतागून तिने स्वतःच्या कोपराच्या खळगीत तोंड खुपसलं. तिथे फक्त ती होती. मनात दहा आकडे मोजले, डोकं वर काढलं, आणि सातवी पट्टी बोलली! तिसऱ्या आठवड्यात नऊ जमले, एकदा दहा.

परीक्षेला शेजारची मुलं भराभर पट्ट्या हुंगून मोकळी झाली. हुंगी दर पट्टीनंतर कोपरात नाक घालून बसे. मागे खुसखुस चालली होती. चालू दे. तिने अकरा नावं लिहिली आणि बाराव्यासमोर खरं ते लिहिलं: माहीत नाही.

अकराही बरोबर निघाली.

"जागा तुझी," बाई म्हणाल्या आणि तिला थेट गोदामात घेऊन गेल्या. हुंगीच्या डोळ्यांपुढे अत्तराच्या कुप्या नाचत होत्या. समोर होती पिंपं, छातीपर्यंत उंच, कडांवरून काळपट ओघळ आलेली.

"पहिले दोन महिने सुगंध नाही. कुठलं तेल किती बिघडलंय ते सांगायचं." बाईंनी झाकण उचललं.

कुजका, चिकट, जिभेवर बसणारा वास! हुंगी दाराकडे धावली, भिंतीला टेकून मोठमोठे श्वास घेतले, शिव्यांसारखे चारपाच "शी!" हासडले आणि डोळे पुसत परत आली.

"हे फार जुनं आहे," ती म्हणाली. "पुढचं उघडा."