एकोणतीस दातांचा फोटो

आईच्या तोंडात तेरा दात आहेत: वर पाच, खाली आठ. मावशीच्या तोंडात एकोणतीस. दोघी जुळ्या, मावशी अकरा मिनिटांनी मोठी. लग्नं होईपर्यंत दोघी एकाच घरात वाढल्या, एकाच नळाचं पाणी प्यायल्या. म्हणजे फरक पडला तो नंतर. मावशी एका ऑफिसात कायम झाली. तिच्या दातांचा खर्च ऑफिसने केला. आई हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करते, ठेकेदाराकडून, एकोणीस वर्षं. दाढ ठणकली की ती सरकारी दवाखान्यात जाते. तिथे दात काढणं फुकट आहे. वाचवणं नाही.

मावशी आमच्याकडे आली की अख्खं सफरचंद हातात धरून चावते. आईसाठी मी पातळ फोडी करते. तो कर्रकन आवाज मला सहन होत नाही. आईला हेवा करणं जमत नाही, म्हणून तिच्या वाट्याचाही मीच करते.

आईचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, उष्णतेतलं काम सोडा. तेवढ्यात वर काउंटरवर जागा निघाली. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर नेऊन पाहिलं: तिथे तेवीस अंश होते.

अर्जाला हसरा फोटो हवा होता.

"माझा लाव की," मावशी म्हणाली. "चेहरा तोच!"

"लहानपणी माझी रिबीन ढापायचीस," आई म्हणाली.

"मग, आता फेडतेय ना!" मावशी खदखदून हसली.

फोटो मीच चिकटवला. त्यात आई इतकी छान दिसत होती की तो फाडावासा वाटला.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मी बाहेर बाकावर बसले; दार उघडंच होतं.

"हॉटेलची खडान्‌खडा माहिती आहे तुम्हाला," मॅनेजर म्हणाले. "वा! आता फक्त फोटोत हसलात तसं एकदा हसा ना."

आई हसली, पण सवयीने हात तोंडावर गेला.

"हात काढा, ताई."

तिने काढला.

मॅनेजरांनी अर्ज मिटला. "बरं. कळवतो."

संध्याकाळी मावशीचा फोन आला. "काय गं, आवडला का माझा फोटो त्यांना?"

"खूप," आई म्हणाली.

सोमवारी दुपारी दोन वाजता मी आईच्या इस्त्रीच्या टेबलाशी थर्मामीटर धरला. एक्केचाळीस अंश.