आजीची नऊ गावं

गुरुवारी सकाळी ब्लीया चिकट भात वाफवत होती आणि तिची पंधरा वर्षांची लेक पाकू शाळेच्या लॅपटॉपवर गावांची नावं लिहीत बसली होती. ब्लीयाची सासू चार दिवसांपूर्वी गेली. आम्हा लाओसहून अमेरिकेत आलेल्या ह्माँग लोकांत मेलेल्याला वाट सांगावी लागते: आधी हे विस्कॉन्सिनमधलं घर सोड, मग त्याआधीचं, असं करत थेट जन्मगावापर्यंत. एक गाव राहिलं की जीव तिथेच अडकतो. वाट सांगणारे नेंगकाका झाले अठ्ठ्याहत्तरचे, लाओसच्या डोंगरातली नऊ गावं त्यांना धड आठवेनात. आजीनं ती नातीलाच सांगितलेली. म्हणून काकांसाठी पाकू सगळं उतरवत होती, अगदी ते म्हणतात तसंच: आज तू मेलीस, आता ऊठ, निघ, मागे वळू नकोस.

मुलं काय लिहितात ते शाळेचं यंत्र अक्षरन् अक्षर वाचतं. 'तू मेलीस' वाचलं आणि झालं! तासाभरात दारात पोलीस. म्हणे पोरगी जीव द्यायला निघालीय. हे आजीसाठी आहे, असं पाकूनं परोपरीनं सांगितलं. पोलीस भला माणूस होता, पण शाळेकडून सूचना आली की न्यावंच लागतं, म्हणाला. पोरीला तीन दिवस इस्पितळात डांबलं. फोन काढून घेतला, आईलाही भेटू देईनात. शाळेनं तिचं लॅपटॉपवरचं खातं बंद केलं, गावांची यादी त्यातच अडकली, आणि ते सोमवारी चौकशीनंतरच उघडेल असं ब्लीयाला कळवलं. संन्याशाला सुळी देणं म्हणतात ते हेच.

वाट शुक्रवारी सकाळीच सांगायची होती. नेंगकाका शवपेटीपाशी उभे राहिले, थायलंडच्या निर्वासित छावणीपर्यंत आले, पुढच्या नवांतली चार गावं घेतली आणि अडखळले. त्यांनी ब्लीयाकडे पाहिलं. तिचा जन्मच छावणीतला, तिला काय ठाऊक! काकांनी अंदाजानं दोन नावं घेतली आणि बाकीची गाळून तसेच पुढे गेले. ब्लीयाला तिथेच रडू फुटलं.

सोमवारी दुपारी, माती देऊन झाल्यावर, मायलेकी शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद पुढे केला. यापुढे पाकूवर जास्त लक्ष ठेवणार होते, त्याला पालकांची संमती हवी. सही नाही तर लॅपटॉप नाही, आणि लॅपटॉप नाही तर परीक्षा नाही.

"यंत्राचं ऐकलंत," ब्लीया म्हणाली, "माझ्या पोरीला एका शब्दानं तरी विचारलंत का?"

"आम्हाला धोका पत्करता येत नाही, ताई."

"मग माझी सासू कुठल्या गावात अडकलीय, ते तुम्हीच सांगा."

बाईंना काही उमगलं नाही. पाकू हळूच म्हणाली, "कर ना सही, आई. माझं वर्ष जाईल." ब्लीयानं सही केली, आणि पाकूनं परत मिळालेला लॅपटॉप दप्तरात घातला. आईचा हात असाच पिरगळला जातो, दुसरं काय!

गाडीत बसल्यावर ब्लीयानं जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहायला पेन काढलं. "सांग एकेक नाव. काकांना विचारू, आता काही करता येतं का ते."

पाकूनं मांडीवरच्या दप्तराकडे बघितलं आणि आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "इथे नको. तो आत आहे."