घासलेली कवळी

कवळ्या करण्यात दातवाल्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. आईची कवळी तर त्याने तीनदा मापं घेऊन केली होती. त्यामुळे खालच्या हिरडीला उजवीकडे टोचतंय असं ती म्हणाली, तेव्हा त्याला जरा रागच आला.

त्याने यंत्रावर ती जागा कणभर घासून दिली. "मिठाच्या पाण्याने चुळा भर. आणि झोपताना काढून ठेवत जा."

महिन्याने पुन्हा तेच. हिरडीवर लाल चट्टा, मधोमध पांढुरका.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? कवळीच टोचतेय," म्हणून त्याने आणखी घासली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. चट्टा फुगत गेला आणि हा शहाणा त्याला कवळीत जागा करून देत गेला. पुढे आईची तक्रार थांबली. आपला इलाज लागू पडला, असं समजून स्वारी खूश झाली.

आईच्या उशीच्या अभ्र्यावरचं रक्त पाहिलं ते बायकोने.

"अहो, पंधरा दिवसांत न भरणारी जखम डॉक्टरला दाखवा, असं गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना?"

"अगं, ते दुसऱ्यांनी केलेल्या कवळ्यांचं!"

तरी बायकोने त्याला आईला इस्पितळात न्यायला लावलंच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी त्यांनी त्याला एकट्याला आत बोलावलं आणि कवळीतल्या खोलगट जागेवरून बोट फिरवलं.

"किती दिवस घासताय?"

"सात महिने."

"कॅन्सर आहे. हाडात उतरलाय. तेव्हाच आणलं असतं तर हिरडीवर भागलं असतं. आता उजवीकडचा जबडा काढावा लागेल. घरात तुम्हीच सांगा."

आई बाहेर बाकावर तोंडाला रुमाल लावून बसली होती. तो शेजारी टेकला.

"आई, एवढं दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"दर वेळी तोंड पाडायचास रे तू. पोराच्या हाताला आईनेच किती नावं ठेवायची?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे बरं झालं की नवी करून दे. या खेपेला जरा सैल कर, म्हणजे झालं."

"करतो," तो म्हणाला. ती बसवायची कशावर, हे तिला सांगायला त्याची जीभ रेटेना.