सहा महिन्यांची इमारत

अंजनाअक्काला कुणी सांगायचं, यावर सकाळपासून ऑफिसात कुणीच बोलत नव्हतं. म्हणजे ते माझ्यावर आलं होतं.

मी आर्किटेक्ट नाही. राजारामपुरीत विश्वजितच्या ऑफिसात पुठ्ठ्याची मॉडेल्स चिकटवायला लागले आणि चिकटवता चिकटवता इमारत कशानं उभी राहते आणि कशानं बसकण मारते, ते कळायला लागलं. विश्वजित माझ्या भाच्याच्या वयाचा. मला काकी म्हणतो आणि कुठं अडलं की नकाशा गुपचूप माझ्याकडं सरकवतो.

परदेशातल्या एका मोठ्या प्रदर्शनात आपल्याकडचं एक दालन उभं करायचं होतं. सहा महिने ठेवायचं, मग उतरवायचं, आणि मागं कचरा म्हणून काही उरू द्यायचं नाही, ही अट. विश्वजित डोकं धरून बसला होता. मी म्हटलं, "उतरवल्यावर घरी आणू की. शिरोळकडं महापुरात माणसं हलवायला लागतात. तिथं उंच जोत्यावर परत उभं करू." बांबूचा सांगाडा, उसाच्या चिपाडाच्या भिंती, खुंट्या काढल्या की सगळं सुटं. त्या एका वाक्यावर आमचं डिझाइन निवडलं गेलं. विश्वजितनं त्या दिवशी माझ्या पाया पडायचं नाटक केलं.

जोत्यासाठी घरामागचं परडं दिलं ते अंजनाअक्कानं. मागच्या महापुरात तिच्या सासूला बोटीतनं काढून लांबच्या एका शाळेत नेलं होतं. म्हातारी तिथंच गेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलं. अक्का म्हणायची, "आजारानं न्हाय गेली. परक्या फरशीवर गेली." आता तिला एवढंच हवं होतं, की पाणी आलं तरी गावातल्या म्हाताऱ्यांनी गावातच निजावं.

बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडात गावच्या बायकांनी भिंतींचे तक्ते केले. चुना, गूळ आणि हिरड्याचं पाणी पिंपात मुरवून त्याचा गिलावा. मी सांगितलं होतं, सहा महिन्यांना दोन हात बास.

"सहा महिनं त्यांचं," अक्का म्हणाली, "फुडं आमचंच हाय की. आपल्याच घराला कोण दोन हात देतंय व्हय?"

त्यांनी पाच हात दिले. वर दगडानं घोटून तक्ते आरशासारखे केले. वजन वाढलं म्हणून विश्वजित ओरडला, तर बायका त्यालाच हसल्या. "सायेब, उचलाय तुमाला लागणार हाय काय?"

प्रदर्शन संपत आलं तेव्हा तिथली बाकीची दालनं पोपडे धरून बसली होती. आमच्या भिंतीला रेघसुद्धा नव्हती. त्या शहराच्या लोकांचा आमच्या इमारतीवर जीव जडला. त्यांनी ती बागेत कायमची ठेवायला मागितली. ज्यांनी पैसे घातले होते, त्यांनी एका बैठकीत 'हो' म्हटलं. विश्वजित भांडला, खरंच भांडला. पण मालकी आमची नव्हतीच. वर त्याला बक्षीस मिळालं.

मी गेले तेव्हा अक्का जोतं झाडत होती.

"जयभीम अक्का."

"जयभीम. ये बाई. कंटेनर कवा येतोय?"

"येत नाही."

"का? बोट बंद पडली?"

"इमारतच येत नाही, अक्का. त्यांनी ठेवून घेतली."

अक्कानं झाडू खाली ठेवला. "ठेवून घेतली म्हंजे? पावण्याकडं ताट झाकून धाडलं, तर ताटबी ठेवून घेत्यात काय?"

"त्यांना लई आवडली. सहा महिन्यांत काही झालंच नाही तिला."

 ती हळूच म्हणाली, "म्हंजे दोनच हात दिलं असतं, तर आली असती."

तिनं झाडू परत उचलला.

"मग पेढं वाटा की. आणल्यात न्हवं?"

विश्वजितनं दिलेला पेढ्यांचा खोका गाडीत होता. मी तो बाहेर काढला नव्हता, आणि काढणारही नव्हते.

"तितं पूर येतो?"

"नाही."

"मग काय करणार तिच्यात?"

"चित्रं लावणार. लोक येऊन बघून जाणार."

"आन् निजणार कोण?"

"कुणी नाही. संध्याकाळी कुलूप लावतात."

"कुलूप," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्या मला बऱ्या वाटल्या असत्या.

"दरसाल पावसाआधी एक हात द्यावा लागतो," ती म्हणाली. "सांगितलंयस त्यास्नी?"

"नाही."

"मग सांग. न्हायतर खालनं फुगंल. चुना चांगला मुरू दे म्हणावं, घाई करू नगा. हिरडा मिळंल न्हवं?"

"बघतील कुठनं तरी."

"आन् गूळ?"

"माहीत नाही, अक्का."

"साखर घालतील मुडदे," अक्का म्हणाली, आणि झाडलेल्या जोत्यावर बसकण मारून मोठ्यानं रडायला लागली.