हो म्हणायची सवय

शनिवारी सकाळी चंदनने वहिनीच्या हातावर पेनड्राइव्ह ठेवला तो असा, जणू जत्रेत हरवलेलं लेकरू शोधून आणलं.

"वहिनी, बिघडलेला होता हा. मशीनला लावला तर उघडेच ना. मग मीच नीट केला. आता टीव्हीला लावा, गाडीत लावा, कुठेही चालतो."

वृषाली आदल्या संध्याकाळी जळगावहून एसटीने धुळ्याला सासरी आली होती. किल्ल्यांचा जुडगा तिने नेहमीसारखा दारामागच्या खिळ्याला अडकवला, पेनड्राइव्ह त्याच जुडग्यात. सकाळी बघते तर किल्ल्या आहेत, पेनड्राइव्ह नाही. गाद्या झटकून झाल्या, पर्स उलटी करून झाली, आणि आता धाकटे दीर तो घेऊन हळदीच्या घरून हसत परत आले होते. मित्राची हळद होती. डीजेवाल्याला गाणी द्यायची होती.

तिने तो चंदनच्या कॉम्प्युटरला लावला आणि मशीन सुरू केलं. एरवी इथे तिचा पडदा यायचा. आज चंदनच्या पडद्यावरची लाल गाडी आली. पेनड्राइव्ह उघडला. आत हळदीची गाणी. दुसरं काही म्हणून नाही.

आता हा पेनड्राइव्ह म्हणजे काय, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यात नुसत्या फायली नव्हत्या. कॉम्प्युटर चालू करणारी सगळी यंत्रणाच त्यात होती. कुठल्याही मशीनला लावायचा, मशीन सुरू करायचं, की ते मशीन तेवढ्यापुरतं वृषालीचं. तिचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, तिचा मराठी कीबोर्ड, काल जिथे सोडली तिथे उभी असलेली रेघ. काढून घेतला की मशीन पुन्हा ज्याचं त्याचं, आणि आत तिचा मागमूस नाही. जळगावला हितेंद्रसरांच्या ऑफिसात दुपारच्या सुट्टीत, असोद्याला माहेरी बहिणीच्या, मयुरीच्या, झाकण तडकलेल्या लॅपटॉपवर, धुळ्याला चंदनच्या गेम खेळायच्या मशीनवर. तीन गावांत तीन मशीन, आणि त्यातलं एकही तिचं नाही. "वहिनी भारी हुशार," एवढं म्हणून सगळे मोकळे व्हायचे. कमावत्या बाईला आपलं टेबल किल्ल्यांच्या जुडग्यात का बांधून फिरावं लागतं, हे विचारायला हुशारी लागत नाही. म्हणूनच बहुतेक कुणाला सुचलं नाही.

त्या पेनड्राइव्हमध्ये असोद्याच्या मोतीलालआबांच्या केळी पिकवायच्या गोदामाचं ड्रॉइंग होतं. भिंती, थंड हवेच्या वाटा, ट्रक मागे घ्यायची जागा, सगळं पुरं झालेलं. वृषालीला स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलं काम. ऑफिसात तिने काढलेलं प्रत्येक ड्रॉइंग हितेंद्रसरांच्या सहीने बाहेर पडायचं. आबांनी मात्र तिलाच बोलावलं होतं, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "पोरी, सोमवारी सकाळी कागद दाखव. नाही जमलं तर मी आपला हितेंद्रकडे जातो."

"चंदनभाऊ, तुम्ही नेमकं केलं काय?"

"काही नाही हो. लावला, तर त्यानेच विचारलं, फॉरमॅट करायचं का? मी हो म्हटलं."

"खाली लिहिलेलं असतं, सगळं पुसलं जाईल म्हणून."

"एवढं कोण वाचतं, वहिनी? ते विचारतं, आपण हो म्हणायचं. नाही म्हटलं की काम अडतं."

चंदनला खोटं बोलता येत नाही, हा एक गुण त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवा. कॉम्प्युटरला तो आयुष्यात कधी 'नाही' म्हणाला नव्हता. त्याच्या मशीनला वहिनीची यंत्रणा वाचता येत नव्हती, आणि जे वाचता येत नाही ते त्याला रिकामं वाटत होतं. मशीन आणि मालक, दोघांचं वळण एकच.

तिने पुसलेलं परत आणायचा एक प्रयत्न करून पाहिला. थोडे तुकडे सापडले, पण ड्रॉइंगच्या जागेवर गाणी बसली होती. मग ती ओरडली. शब्द कुणाला कळले नाहीत, आवाज शेजारच्या गॅलरीपर्यंत गेला.

सासूबाई द्रौपदाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "काय व्हयनं वं? बठ्ठं घर डोक्यावर लीधं! इतलासा तं शे तो. दुसरा आनी देई चंदन." दुसरा आणून दिला की मिटलं, असा त्यांचा हिशोब.

"आई, डबी गेली नाही. डबीतलं गेलं."

नवरा राजदीप चहाचा कप घेऊन दारात उभा होता. त्याने मध्यस्थी केली. आजवरच्या त्याच्या मध्यस्थ्यांसारखीच ही पण थेट तिच्याच अंगावर आली.

"पण तू बॅकअप का नाही घेतलास? दुसरीकडे एक प्रत ठेवायची असते. साधी गोष्ट आहे."

"दुसरीकडे कुठे?" वृषालीचा आवाज एकदम खाली आला, आणि तो आधीच्या ओरडण्यापेक्षा वाईट होता. "ऑफिसात ठेवली तर सरांची सही होते. मयुरीचा लॅपटॉप तिच्याच अभ्यासाने भरलाय."

"इंटरनेटवर टाकायची."

"तिथे आपल्या लग्नाचे व्हिडिओ आहेत. तुम्हीच भरलेत, जागा संपेपर्यंत. पुसू?"

राजदीपने चहात बघितलं.

"राहिलं हे घर. दिवाळीत मी या मशीनवर कोपराभर जागा मागितली होती, तुमच्यासमोर. चंदनभाऊ काय म्हणाले?"

"आता ते कशाला काढतेस?"

"काय म्हणाले?"

"गेमला जागा लागते म्हणाला."

"आणि तुम्ही?"

'जाऊ दे ना,' हे आपले तेव्हाचे शब्द राजदीपला चांगले आठवत होते. तोंडाशी आत्ताही तेच आले होते, पण बायकोकडे बघून त्याने ते गिळले.

"कप ठेवा," ती म्हणाली. "बाजारात जा, नवीन पेनड्राइव्ह आणा. मोठा आणा. चंदनभाऊ, तुम्ही कुठे जाऊ नका."

राजदीप गेला आणि आलाही. इतक्या चपळाईने तो सासुरवाडीलासुद्धा कधी गेला नव्हता. दुपारपर्यंत वृषालीने इंटरनेटवरून उतरवून नव्या पेनड्राइव्हमध्ये आपली यंत्रणा उभी केली, त्यावरून चंदनचं मशीन चालू केलं, आणि खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"बसा. तुम्हाला काहीतरी विचारतंय ते."

पडद्यावर मराठीत, ठळक अक्षरांत प्रश्न होता. चंदनचा हात सवयीने 'हो'कडे गेला.

"आधी वाचा. मोठ्याने."

चंदनने वाचलं. कॉम्प्युटरचा प्रश्न शेवटपर्यंत वाचायची त्याची ही पहिलीच वेळ असावी. "या डिस्कचा निवडलेला अर्धा भाग पुसून नव्या यंत्रणेला दिला जाईल. त्यावरचं काहीही परत मिळणार नाही. पुढे जायचं?" त्याचा हात मागे आला. "वहिनी, त्या भागात माझे गेम आहेत हो! शेवटच्या लेव्हलपर्यंत आलोय मी."

"माझं पण शेवटापर्यंत आलं होतं."

"मग मी आधी दुसरीकडे काढून ठेवतो."

"कुठे?"

चंदनने मयुरीच्या लॅपटॉपचा विचार केला असेल, इंटरनेटचा केला असेल. भावाकडे बघितलं, तर भाऊ पंख्याकडे बघत होता. मग त्याने आईकडे बघितलं. द्रौपदाबाईंना सकाळपासून एवढंच कळलं होतं, की सून खरोखर चिडली आहे आणि स्वयंपाक अर्धा राहिलाय.

"गेम तं शे," त्या म्हणाल्या. "दुसरा आनी देई राजदीप."

"'नाही' पण म्हणता येतं, चंदनभाऊ," वृषाली म्हणाली. "तिथे दोन बटणं आहेत. दिवाळीत तुम्हाला 'नाही' बरोबर सापडलं होतं. आज पण म्हणा, आईंसमोर, कारण सांगून म्हणा. मग मी आबांना फोन लावते, आणि ड्रॉइंग कुठे गेलं ते तुम्हीच सांगा."

तिने खरंच फोन काढून टेबलावर ठेवला. चंदनने पडद्यावरचा प्रश्न आणखी एकदा वाचला. मग एका बोटाने, गरम तवा चाचपावा तसं, त्याने 'हो' दाबलं.

पडद्यावर पट्टी सरकू लागली. ती भरली तशी वृषालीने त्याला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसकण मारली, आणि गोदामाची पहिली भिंत ओढली. मापं तिला पाठ होती. राग अजून गेला नव्हता. उलट त्या रागाने रेघा भराभर पडत होत्या. पहिली भिंत झाल्याबरोबर तिने ड्रॉइंगच्या दोन प्रती केल्या, एक पेनड्राइव्हवर आणि एक मशीनच्या अर्ध्या भागात.

चंदन मागेच उभा होता. "वहिनी, मला मशीन केव्हा मिळेल?"

"सोमवारी," ती मान न वळवता म्हणाली. "अर्धं."