चंचीतली बॅटरी

माझ्या दिराला, हरिओमला, निलंग्यात सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला मास्तर नव्हे. फवारणी पंपांच्या दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. कामातून गेलेले बॅटरीचे पंप लोक त्याच्याकडे टाकून जातात आणि हा पठ्ठ्या त्यातल्या अंगठ्याएवढ्या गोल बॅटऱ्या काढून व्हेप बनवतो. व्हेप म्हणजे धुराऐवजी वाफ ओढायची नळी. तिच्यावर सरकारची बंदी, पण ह्याला कोण सांगणार? व्हिडिओ बघून शिकला. बारीक तारेचं वेटोळं करायचं, त्यात कापूस घालायचा, खाली बॅटरी बसवायची. त्याचं बघून आणखी चार टाळकी शिकायला यायला लागली आणि हा मास्तर झाला.

शिकवतो मात्र कडक. डबा द्यायला मी दुकानात जाते, तेव्हा माझ्या कानांनी ऐकलंय. "वेटोळं आधी मीटरवर मोज. ओहम कमी आले तर बॅटरीवर लई ताण येतो, ती तापती. वरचं प्लास्टिक फाटलं असंल तर ती बॅटरी घ्यायची न्हाई. आन् सुटी बॅटरी खिशात तर टाकायचीच न्हाई. चावी म्हणू नको, चिल्लर म्हणू नको, कसलं बी लोखंड दोन्ही टोकांला लागलं की ती पेटती. प्लास्टिकच्या डबीत ठेव." एकदा एकानं खिशातून सुटी बॅटरी काढली, तर ह्यानं त्याला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलं होतं. मी तेव्हा मनात म्हटलं, पोरगं जबाबदार आहे. आता ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण अख्ख्या निलंग्याला शिकवणाऱ्या ह्या मास्तरानं स्वतःच्या बापाला एक अक्षर सांगितलं नाही.

माझे सासरे आप्पासाहेब. मी त्यांना मामा म्हणते. उभा जन्म बिडी ओढली, आणि आता खोकल्यानं बेजार झालेले. आमच्या घरात बापासमोर लेक बिडी-तंबाखूचं नाव काढत नाही. बाप खुशाल ओढेल, लेकही मागच्या अंगणात ओढेल, बापाला ते माहीत असेल, लेकाला बाप जाणून आहे हेही माहीत असेल. पण बोलायचं नाही. ह्याला आमच्याकडे मान राखणं म्हणतात. मी सून म्हणून आले तेव्हापासून हे बघते आहे. मला ते कधी पटलं नाही, पण माझं विचारतं कोण?

तर हरिओमला बापाच्या खोकल्याची कीव आली. चांगली गोष्ट आहे. त्यानं एक व्हेप बनवली आणि मामा शेतात गेलेले असताना त्यांच्या उशाजवळच्या कोनाड्यात ठेवून दिली. सोबत चार्जर आणि एक जादा बॅटरी. शब्द नाही. कसं सांगणार? ती कशी वापरायची हे सांगितलं, तर आपण स्वतः ओढतो हे बापासमोर कबूल केल्यासारखं व्हायचं! मामांनीही ती उचलली आणि कुणी ठेवली म्हणून विचारलं नाही. बटण दाबून ओढायला ते आपले आपण शिकले. बिडी कमी झाली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळे मूग गिळून बसलो.

आता मामांची जादा बॅटरी राहणार कुठं? जिथं त्यांची सगळी मालमत्ता राहते तिथंच. चंचीत, म्हणजे पानसुपारीच्या कापडी पिशवीत. सुपारी, कात, चुन्याची पत्र्याची डबी, लोखंडी अडकित्ता आणि त्यांच्या सोबतीला ती बॅटरी. चंचीची गुंडाळी करून नाडी आवळायची आणि सदऱ्याच्या बाजूच्या खिशात टाकायची. तो खिसा बरोबर मांडीवर येतो.

देवणीच्या बैलबाजारात ते खाली बसले आणि चंची दाबली गेली. अडकित्ता बॅटरीला कसा लागला ते कुणी पाहिलं नाही. माझे मालक भीमाशंकर शेजारीच होते. ते म्हणाले, फट् असा आवाज झाला, नि खिशातून फुलबाजीसारखा जाळ निघाला. धोतर पेटलं. लोकांनी बैलांसाठी आणलेल्या पाण्याच्या बादल्या त्यांच्या अंगावर ओतल्या. जीपमध्ये घालून त्यांना लातूरला दवाखान्यात आणलं. मालकांनी फोनवर सगळं सांगितलं, तशी मी आणि हरिओम दुसऱ्या जीपनं मागून पोचलो.

पोचल्यावर पहिलं काय ऐकलं? मालक डॉक्टरीणबाईंना सांगत होते, "हाटेलात चहाचं पातेलं सांडलं, मॅडम."

मी थबकलेच. डॉक्टरीणबाईंनी मांडीकडे पाहिलं. कातडी जागोजागी काळी पडली होती, मध्येच पांढरट. त्या म्हणाल्या, "चहानं असं होत नाही. काय झालं ते नीट सांगा. पाय वाचवायचाय ना?"

मालक खाली बघत राहिले. मामांनी डोळे मिटून घेतले. आणि मला सगळं लख्ख कळलं. धाकट्यावर केस होईल ही एक भीती. पण तिच्याहून मोठी भीती ही, की बापाच्या खाटेजवळ उभं राहून व्हेपचं नाव कसं घ्यायचं! मांडी सडली तरी चालेल, मान राहिला पाहिजे.

"बॅटरी फुटली," मी म्हणाले. "खिशात. बॅटरीची बिडी ओढतात ते."

"दीपमाला!" मालक ओरडले.

"वरडू नका. मघाशी सांगायला तोंड उघडलं न्हाई, आता माझ्यावर वरडता व्हय?"

डॉक्टरीणबाई एकदम उठल्या. सिस्टरला पाणी आणायला सांगितलं. म्हणाल्या, नुसतं भाजणं वेगळं आणि बॅटरीतलं रसायन कातडीवर सांडणं वेगळं. ते खोल खात जातं, त्याचं धुणं वेगळं, औषध वेगळं. "कुठली बॅटरी होती? जुनी की नवी? कुणाला माहीत आहे?"

माहीत होतं एकाच माणसाला, आणि तो बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता.

"आत चला, भावजी."

"वहिनी, तुम्हीच सांगा ना. लिथियमची हाय, जुन्या पंपातली. वरचं प्लास्टिक वाईच फाटलेलं होतं, टेप लावली होती मी."

"फाटलेलं? आन् बापाला दिली?"

"घरच्या घरी वापरायची म्हणून..."

"चला आत."

"आप्पासमोर कसं बोलू, वहिनी?"

मी आजवर दिराच्या अंगाला हात लावला नव्हता. त्या दिवशी त्याचा शर्ट धरला आणि त्याला ओढत आत नेलं. व्हरांड्यातली माणसं बघत होती. बघू देत.

आत त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. मांडीवर पाण्याची धार चालू होती, मामा दात आवळून पडले होते आणि हा फरशीला सांगत होता. डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं, "अशी बॅटरी लोखंडासोबत खिशात ठेवू नये, हे ह्यांना घरात कुणीच सांगितलं नाही?"

त्यांनी आम्हा एकेकाकडे बघितलं.

"पाय राहील," त्या म्हणाल्या. "पण मांडीवर दुसरीकडचं कातडं लावावं लागेल." आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मग मामांनी डोळे उघडले. हरिओमकडे बघितलं. "हरी, खिशात ठेवू नये, तुला म्हाईत होतं?"

"हाव, आप्पा."

"आधीपासून?"

"हाव."

हरिओम रडायला लागला. मी त्याला सुनवायला तोंड उघडलं होतं. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, जीपमध्ये बसल्यापासून.

तेवढ्यात मामा म्हणाले, "मला बी ती वढताना लई गरम लागायली होती. दोन-चार बार मनात आलं, तुला इचारावं. पर लेकाला असलं कसं इचारायचं?"

मग मी दोघांवरही ओरडले. इतकी, की सिस्टरनं मला वॉर्डाबाहेर काढलं.