खुंटीवरची माळ

आप्पाराव पाटील पहिल्यांदा माझ्या खोपीत आला, गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि माझ्या नवऱ्याच्या खुंटीला टांगली. मग मांडी घालून बसला आणि मरळीचं कालवण मागितलं. त्या दिवशीच मी ठरवलं, याला पोटभर जेवू घालायचं.

ती खुंटी आश्रुबाने जाळं वाळत घालायला ठोकली होती. माझा नवरा सिंदफणेवरचा भोई. पलीकडच्या काठावर गाव, आणि गावच्या देवळाखाली नदीत एक डोह. तो देवाचा. उन्हाळ्यात बाकी नदी आटली तरी त्या डोहातल्या माशाला कुणी हात लावत नाही. एका उन्हाळ्यात पाटलाकडे हैदराबादहून बडे पाहुणे उतरले आणि त्यांना मरळच हवी होती. पाटलाने आश्रुबाला बोलावलं आणि देवाच्या डोहात जाळं टाकायला लावलं. "भितो कावून? मी हाय ना," म्हणाला. दुसऱ्या दिवशी वाळूत खवले सापडले, गाव खवळलं, आणि हाच माळकरी पाटील चावडीवर बसून म्हणाला, "या भोयानं देव बाटवला." आश्रुबाचं जाळं चावडीपुढे जाळलं. त्याच्या हातचं पाणी कुणी घेईना. तो खरं काय ते सांगत राहिला, पण पाटलापुढे भोयाचं कोण ऐकतो? पावसाळ्याच्या आत तापाने गेला. जाताना मला एकच म्हणाला, "मी चोर न्हाई, भिवरे." हे मला माहीत होतं. गावाला माहीत व्हायला हवं होतं.

मी गावातलं घर सोडलं, आश्रुबाची ती खुंटी उपटून बरोबर आणली आणि अलीकडच्या काठावर खोप घातली. तेलगावच्या बाजाराला जाणारी-येणारी माणसं नावेची वाट बघत माझ्याकडे भाकरी आणि मासे खायची. नाव चालवायचा माझा दीर बंकट. हळूहळू माझ्या कालवणाचं नाव झालं आणि तो वास पाटलाच्या नाकापर्यंत गेला. गावात त्याला मासा खाता येत नव्हता, म्हणून नदी ओलांडून यायचा. आत ताटीच्या आडोशाला बसायचा. माळ खुंटीला असली की देव बघत नाही, असा त्याचा हिशेब. जेवण झालं की राख आणि लिंबाने हात खसाखसा चोळायचा, माळ घालायचा आणि पुन्हा पुण्यवान व्हायचा.

सहा वर्षं मी त्याला वाढलं. बंकट एकदा म्हणाला, "वैनी, कालवणात कायतरी टाक की." त्यात अवघड काहीच नव्हतं. पण मग पाटील पुण्यवान म्हणूनच मेला असता आणि त्याच्या नावाने भजन झालं असतं. नुसतं सांगत सुटले असते, तर आश्रुबाचं झालं तेच माझं झालं असतं. मला त्याच्या तोंडून हवं होतं, अख्ख्या गावासमोर.

यंदा देवळात सप्ताहाची पहिली वीणा घ्यायचा मान पाटलाला आला. सात दिवस ती वीणा जमिनीला टेकवायची नाही, याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात द्यायची, आणि ती घ्यायची फक्त माळकऱ्याने. आषाढी अमावास्येला दिवेलागणीला वीणा उभी राहणार होती. पुढे सगळा श्रावण. म्हणून त्या दिवशी उन्हं कलताना पाटील शेवटचं खाऊन घ्यायला आला. येणार हे मला ठाऊकच होतं.

मी त्याला वांब वाढली, सापासारखी लांब, तेलकट मासळी. तिचा वास राखेने नाहीतर लिंबाने चोळल्याशिवाय जात नाही, नुसत्या पाण्याने तर नाहीच. राखेचं मडकं मी सकाळीच रिकामं केलं होतं, घरात लिंबू ठेवलं नव्हतं. तो शेवटचा तुकडा चोखत असताना बंकटने ठरल्याप्रमाणे काठावरून हाळी दिली, "पाटील, पाणी चढाया लागलंय. ही शेवटची खेप."

पाटील उठलाच. धोतराला हात पुसले आणि धावत सुटला. माळ खुंटीलाच राहिली.

शेवटची खेप वगैरे काही नव्हती. बंकट परत आला आणि मला घेऊन गेला.

देवळात गाव जमलं होतं. पाटील वीणेसमोर उभा होता आणि त्या उकाड्यात त्याने उपरणं गळ्याभोवती गच्च गुंडाळलं होतं. गावाला माळा देणारे बद्रीनाथबुवा वीणा उचलत होते. मी सरळ पुढे गेले, पदर सावरला आणि माळ तळहातावर धरली.

"पाटील, जेवून येताना खुंटीला ऱ्हायली. म्हणलं, आज लागंल तुमाला."

टाळ थांबले. पाटील म्हणाला, "येडी हाय ही. ही माळ माझी न्हाई."

"मग तुमची दाखवा," बुवा म्हणाले.

पाटलाचा हात उपरण्याकडे गेला, पण ते काढायला धजेना. बुवांनी माळ घेतली आणि गाठ चाचपली. "ही गाठ माझ्या हातची हाय."

"चोरली हिनं," पाटील म्हणाला.

कुणीतरी मागे हसलं. बुवा हसले नाहीत. त्यांनी पाटलाचा उजवा हात आपल्या नाकाशी नेला आणि सोडून दिला. मग वीणा शेजारच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात घातली.

"बुवा, आजून एक ऱ्हायलंय," मी म्हणाले. "देवाच्या डोहात जाळं कुणी टाकाया लावलं, ते इचारा."

"वीणेपुढं उभे हायेत तुमी, पाटील," बुवा म्हणाले. "खरं सांगा."

पाटलाने आजूबाजूला पाहिलं. त्याची म्हणवणारी माणसं दोन पावलं मागे सरली होती. त्याचे ओठ हलले.

"मागच्यांना आयकू आलं न्हाई," मी म्हणाले.

"मी लावलं. आश्रुबाचा दोष न्हाई."

मला वाटलं होतं, त्या वेळी रडू येईल. आलं नाही. फार बरं वाटलं, इतकं बरं मला सहा वर्षांत वाटलं नव्हतं. ज्यांना हे वाईट दिसत असेल त्यांना दिसो.

बुवांनी ती माळ डोहात सोडली. पाटलाच्या पंगतीला आता गावात कुणी बसत नाही. श्रावण सरला आणि एका दुपारी तो खोपीच्या दाराशी येऊन उभा राहिला, मोकळ्या गळ्याने. मी त्याला हाकललं नाही. ताटी तेवढी काढून टाकली होती, त्यामुळे तो नावेतून उतरणाऱ्या सगळ्यांच्या समोर बसला. त्याच्यासमोरच्या खुंटीला आता आश्रुबाच्या नावाने विणलेलं नवं जाळं असतं.

तो अजून येतो. पानात मासा ताजाच असतो, त्यात मी कधी कसूर केली नाही. शेजारी नवा वाटसरू बसला, की कालवण वाढता वाढता मी त्याला सांगते, आश्रुबा कोण होता आणि हे कोण आहेत. पाटील मान खाली घालून काटे काढत राहतो. मग मी विचारते, "आनखी वाढू, मालक?"